कोऱ्या मर्क्युरी डाइमचा संग्रह: काय बघायचं, काय घ्यायचं, काय सोडून द्यायचं

१९४५ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १५ कोटी ९१ लाखांहून जास्त डाइम, म्हणजे दहा सेंटची नाणी, पाडली. १९१६ साली डेन्व्हरच्या टांकसाळीने पाडले फक्त २ लाख ६४ हजार. नव्या संग्राहकाला दुसरा आकडा पाठ असतो, आणि त्यात गैर काही नाही. १९१६-डी (डी म्हणजे डेन्व्हर) हा मर्क्युरी डाइमच्या मालिकेतला सर्वांत मानाचा डाइम आहेच. पण १९४५ चा हा साधासुधा डाइम मागच्या बाजूच्या मधल्या पट्ट्या पूर्ण सुट्या उठलेल्या अवस्थेत हवा असेल, तर हजारो डॉलर मोजावे लागतात. पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या असल्या, की त्याच सालचा कोरा, म्हणजे चलनात न फिरलेला, डाइम शंभर डॉलरच्या आत मिळतो.

कोऱ्या नाण्यांच्या संग्रहात टांकसाळीचा आकडा ही फक्त सुरुवात असते. ते नाणं पाडलं त्या वर्षी कोणी बाजूला काढून ठेवलं का, आणि पाडताना ठसा नीट उठला होता का, या दोन प्रश्नांवर पुढचं सगळं अवलंबून असतं.

आधी मालिका ठरवा

डाइम म्हणजे दहा सेंट. व्यास १७.९ मिलिमीटर, मर्क्युरीसारख्या चांदीच्या डाइमचं वजन अडीच ग्रॅम. अमेरिकेच्या चलनातलं हे आकाराने सर्वांत लहान नाणं. पहिला डाइम १७९६ चा. १८३७ पासून १९६४ पर्यंत त्यात ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं होतं. १९६५ पासून तांब्याच्या गाभ्यावर तांबं-निकेलचा थर आला आणि चांदीचे डाइम बघता बघता गल्ल्यांतून गायब झाले.

सीटेड लिबर्टी डाइम (१८३७ ते १८९१) हा ख्रिश्चन गोब्रेख्त यांच्या आराखड्यावरचा. यातले कार्सन सिटी टांकसाळीचे सुरुवातीचे डाइम ही फार वरच्या पैशांची गोष्ट. १८७४-सीसी फक्त १०,८१७ पाडले गेले आणि कोरे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बार्बर डाइम (१८९२ ते १९१६) चार्ल्स बार्बर यांचा. त्यातला १८९४-एस (एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को) फक्त २४ पाडला होता. तो पुस्तकात पाहावा आणि पुढे जावं. या दोन्ही मालिकांत कोरी नाणी महाग असण्याचं एक कारण असं, की १८९० च्या दशकापर्यंत टांकसाळीच्या खुणेकडे कोणी फारसं बघतच नव्हतं. संग्राहक फिलाडेल्फियाचे प्रूफ, म्हणजे संग्रहासाठी खास पाडलेली चकचकीत नाणी, मागवत आणि तेवढ्यावर समाधानी असत. न्यू ऑर्लीन्स किंवा सॅन फ्रान्सिस्कोचं नाणं वेगळं म्हणून कशाला ठेवायचं? ते खर्चात गेलं आणि झिजलं.

मर्क्युरी डाइम १९१६ ते १९४५ मधला, शिल्पकार अ‍ॅडॉल्फ वाइनमन यांचा. पुढच्या बाजूला पंखांची टोपी घातलेली लिबर्टी, पंख विचारस्वातंत्र्याचे. लोकांना ती रोमन देव मर्क्युरी वाटली आणि नाव तेच पडलं. मागे फॅसीझ, म्हणजे पट्ट्यांनी बांधलेली काठ्यांची मोळी आणि कुऱ्हाड, सोबत ऑलिव्हची फांदी. टांकसाळीची खूण मागच्या बाजूला, मोळीच्या डावीकडे तळाशी: डेन्व्हरची डी, सॅन फ्रान्सिस्कोची एस, फिलाडेल्फियाची काहीच नाही.

त्यानंतरचा रूझवेल्ट डाइम जॉन सिनॉक यांचा. तो ३० जानेवारी १९४६ ला, रूझवेल्ट यांच्या जन्मदिवशी चलनात आला. गळ्यापाशी ‘जेएस’ ही सिनॉक यांची आद्याक्षरं आहेत. शीतयुद्धाच्या काळात त्यांत काहींना जोसेफ स्टॅलिन दिसला होता! चांदीचे रूझवेल्ट डाइम ४८ जमवले की १९४६ ते १९६४ चा नियमित संच पुरा होतो. हात बसवायला ही मालिका उत्तम आणि खिशालाही परवडणारी.

माझं मत विचाराल तर मर्क्युरी घ्या. साल-टांकसाळ धरून ७७ नाणी. त्यातली निम्मी कोरी मिळायला सोपी, काही अवघड, थोडी फार अवघड. शिकायला जागा आहे आणि दिसायलाही इतकं देखणं छोटं नाणं अमेरिकेने क्वचितच पाडलं. पुढचं सगळं प्रामुख्याने मर्क्युरीबद्दल आहे, पण पद्धत इतर मालिकांनाही लागू पडते.

कोणती साल कोरी राहिली आणि का

१९१६ चं नवं नाणं आलं तेव्हा कुतूहलापोटी पुष्कळांनी एखाददुसरं ठेवून दिलं. म्हणून १९१६ चा फिलाडेल्फियाचा डाइम शंभरी ओलांडूनही कोरा मिळतो, तोही फार महाग नाही. डेन्व्हरने मात्र त्या वर्षी डाइमचं काम लवकर थांबवून क्वार्टरकडे, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्याकडे, मोर्चा वळवला, म्हणून १९१६-डी इतका कमी.

नवलाई ओसरल्यावर, म्हणजे १९१८ पासून १९३० पर्यंत, परिस्थिती वेगळी झाली. दहा सेंट ही तेव्हा खरी रक्कम होती. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कुणा दुकानदाराने १९२६ साली गल्ल्यातला नवा डाइम उचलून कपाटात ठेवावा असं काही कारणच नव्हतं. १९२६-एस १५ लाख २० हजार पाडले गेले, जवळजवळ सगळे हातोहात फिरले. घासलेला १९२६-एस आजही बऱ्यापैकी सहज मिळतो, कोरा शोधायला निघालात की घाम फुटतो.

मग मंदीच्या काळात, १९३४ च्या सुमारास, भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे बोर्ड बाजारात आले. प्रत्येक भोकाखाली साल आणि टांकसाळ छापलेली. मुलं, पोस्टमन, किराणा दुकानदार सगळे गल्ले चाळू लागले. त्यामुळे जुनी दुर्मीळ सालं चलनातून वेचली गेली, पण तोपर्यंत ती आठ-दहा वर्षं किंवा त्याहून जास्त फिरून झिजलेली होती. कोरी नाणी वाचवायला बोर्ड उशिरा आले.

त्याच सुमारास काही मंडळी बँकेतून नव्या नाण्यांचे अख्खे रोल उचलायला लागली. एका रोलमध्ये ५० डाइम, म्हणजे पाच डॉलर. १९३४ नंतरची सालं आज भरपूर कोरी दिसतात ती या रोलवाल्यांमुळे. म्हणून १९३४ ते १९४५ च्या ३५ नाण्यांचा छोटा संच हा या मालिकेचा रूढ प्रवेशमार्ग आहे, आणि तो कोरा जमवणं कष्टाचं असलं तरी अशक्य नाही. एक गोष्ट लक्षात असू द्या: १९२२, १९३२ आणि १९३३ साली डाइम पाडलेच नाहीत. डेन्व्हरने १९२३ आणि १९३० मध्येही डाइम पाडले नाहीत, तरी १९२३-डी आणि १९३०-डी असे डाइम बाजारात भेटतात. ते सगळे बनावट आहेत, कितीही जुने आणि चांदीचे दिसले तरी.

कोरं नाणं ओळखायचं कसं

आपल्याकडे नाणेबाजारात ‘यूएनसी’ म्हणतात, अमेरिकेत ‘अनसर्क्युलेटेड’ किंवा ‘मिंट स्टेट’. म्हणजे चलनात फिरल्याची झीज नाही. ओरखडे, बोचे असू शकतात, कारण टांकसाळीच्या पोत्यात हजारो नाणी एकमेकांवर आदळतच असतात. झीज आणि बोचा यातला फरक कळणं हे या छंदातलं अर्धं शिक्षण आहे.

दर्जा १ ते ७० च्या मापावर लिहिला जातो. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी ते माप सुचवलं, पुढे सगळ्यांनी उचललं. ६० पासून वर मिंट स्टेट: एमएस-६०, एमएस-६३, एमएस-६५ असं. ५८ ला ‘एयू-५८’ म्हणजे जेमतेम हाताळलेलं. एयू-५८ आणि एमएस-६२ यांतलं अंतर डोळ्याला फसवतं आणि किमतीत जाणवतं. बहुतेक फसवणूक याच फटीत होते.

घरी टेबललॅम्प घ्या, जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब किंवा हॅलोजन, एकच. ट्यूबलाइट किंवा पसरट एलईडीखाली झळाळी नीट दिसत नाही. खाली मऊ कापड पसरा, नाणं फक्त कडेने दोन बोटांत धरा, आणि बल्बखाली हळूहळू तिरकं करत फिरवा. खऱ्या कोऱ्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. अमेरिकेत याला कार्टव्हील म्हणतात. ठसा दाबला जाताना धातू मधून कडेकडे वाहतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात, झळाळी त्यांचीच. नाणं फिरलं, पुसलं, घासलं, की आधी या रेषा जातात.

आता उंच भाग तपासा. मर्क्युरीच्या पुढच्या बाजूला लिबर्टीचा गाल, कानावरचे केस आणि पंखाचा उंच भाग. मागे मोळीवरच्या तिरक्या पट्ट्यांचा मध्य आणि ऑलिव्हची पानं. या ठिकाणी रंग करडा पडलेला असेल आणि प्रकाशाचा पट्टा तिथे तुटत असेल तर झीज आहे. झळाळी सलग आहे पण तपशील पुसट आहे, तर बहुधा ठसाच कमी उठलाय. तो वेगळा दोष. बार्बर डाइम बघत असाल तर कपाळावरचे केस, गाल आणि मागच्या माळेची उंच पानं बघा.

आधी नुसत्या डोळ्यांनी, मग भिंगाने, हा क्रम मोडू नका. भिंग ५ पटीचं पुरे. पट्ट्यांसाठी १० पटीचं. भिंगाने सुरुवात केली तर प्रत्येक नाण्यात दोष दिसतात आणि माणूस काहीच विकत घेत नाही. नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या पीसीजीएस या कंपनीच्या फोटोग्रेड या मोफत साधनात प्रत्येक दर्जाची छायाचित्रं आहेत. ती बघावीत, पण झळाळी छायाचित्रात उतरत नाही. म्हणून दर्जा ठरवून डब्यांत सीलबंद केलेली पन्नास-शंभर नाणी एकापाठोपाठ हातात घेऊन बघायला मिळतील तिथे जा. नाण्यांच्या प्रदर्शनात डीलर बघू देतात. लेबल झाकून आधी मनाशी दर्जा ठरवायचा आणि मग आकडा बघायचा. यापेक्षा चांगली शाळा नाही.

पट्ट्यांचं प्रकरण

मर्क्युरीच्या मागच्या मोळीवर आडव्या पट्ट्यांच्या जोड्या आहेत: वर, मध्ये, खाली. मधल्या जोडीतल्या दोन पट्ट्यांमधली रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग उघडी असेल, कुठे भरलेली किंवा ओरखड्याने तुटलेली नसेल, तर लेबलवर ‘एफबी’ लिहितात, म्हणजे फुल बँड्स. नाण्याचा मधला भाग दोन्ही बाजूंनी उंच असल्याने धातू तिथे शेवटी पोचतो. ठसा जुना झाला किंवा दाब कमी पडला की ही रेघ भरून जाते.

काही सालांत ही रेघ जवळपास नेहमी मिळते आणि काहींत जवळपास कधीच नाही. १९२१ चे दोन्ही डाइम कमी पाडलेले, फिलाडेल्फियाचे १२ लाख ३० हजार आणि डेन्व्हरचे १० लाख ८० हजार, पण ठसा बहुतेक वेळा चांगला; कोरा मिळाला तर पट्ट्या सुट्या असण्याची शक्यता बरी. उलट १९१८-डी, १९१८-एस, १९१९-डी, १९१९-एस, १९२५-एस, १९२७-डी, १९२७-एस यांत सुट्या पट्ट्यांचा शोध म्हणजे वर्षानुवर्षांचं काम. १९२५-एसचा ठसा तर इतका मऊ, की एमएस-६४ सुद्धा थकलेला दिसतो. नंतरच्या सालांत १९३९-एस आणि अर्थात १९४५.

१९२० च्या दशकातल्या एस खुणेच्या नाण्यांमागे एफबीसाठी धावू नका. साध्या एमएस-६४ मध्ये झळाळी चांगली आणि गाल स्वच्छ असलेलं नाणं घ्या. त्यात जे पैसे वाचतात त्यातून १९२१-डीसारखं मुळात दुर्मीळ नाणं येऊ शकतं. १९३४ नंतरच्या सालांत मात्र एफबी आणि साध्यातला फरक बऱ्याच वेळा थोडाच असतो. तिथे एफबीच घ्या. १९४५ सोडून. तिथे साधा घ्या आणि झोप घ्या.

रूझवेल्ट डाइमवरही अशीच खूण आहे: मागच्या मशालीच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्या व उभ्या रेघा सुट्या असल्या तर ‘फुल टॉर्च’. दर्जा ठरवणारी दुसरी कंपनी एनजीसी ‘एफटी’ लिहिते, पीसीजीएस ‘एफबी’.

कोणत्या क्रमाने घ्यायचं

पहिल्या टप्प्यात १९४१ ते १९४५ ची १५ नाणी, एमएस-६५ किंवा ६६. यात तुमचा डोळा तयार होतो आणि चुकलात तरी नुकसान लहान. मग मागे १९३४ पर्यंत जा. यात १९४५-एसचं एक छोट्या एस खुणेचं रूप आहे, ‘मायक्रो एस’. भिंगाखाली अक्षर नेहमीपेक्षा बारीक दिसतं. ते संचात असलंच पाहिजे असं नाही, पण शोधायला मजा येते.

तिसरा टप्पा १९१६, १९१७ आणि १९२० च्या दशकातली फिलाडेल्फियाची सालं. ही कोरी मिळतात, ठसाही बरा.

चौथ्या टप्प्यापासून घाई बंद. डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्कोची १९१७ ते १९३१ ची नाणी. इथे वर्षाला तीन-चार चांगली नाणी आली तरी प्रगती समजा. १९३१-डी फक्त १२ लाख ६० हजार, तरी तुलनेने बरा मिळतो. १९२४-एस कितीतरी जास्त पाडलेला, तरी चांगला मिळायला अवघड. असे उलटसुलट अनुभव या टप्प्यात पुष्कळ येतील. किमतीच्या यादीत एमएस-६० आणि एमएस-६५ च्या भावात प्रचंड उडी दिसली, की समजा ते साल झिजलेलं भरपूर आणि कोरं कमी आहे. ती उडी टांकसाळीच्या आकड्यापेक्षा जास्त खरं सांगते.

शेवटी उरतात १९१६-डी आणि १९४२/१ चे दोन डाइम, फिलाडेल्फियाचा आणि डेन्व्हरचा. १९४२ साठी डाय (नाणं पाडायचा साचा) तयार करताना त्यावर एकदा १९४१ चा आणि एकदा १९४२ चा हब (डायवर आराखडा उठवणारा ठसा) दाबला गेला, म्हणून २ च्या डावीकडे १ दिसतो. १९४२/१ चे हे दोन्ही संचात नकोत असं ठरवलंत तरी संच ७७ चा पूर्णच धरला जातो. कोऱ्या १९१६-डीला पाच आकडी डॉलर लागतात. त्यापेक्षा ती जागा रिकामी ठेवणारे अनेक अनुभवी लोक आहेत, आणि मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

विकत घेताना

सर्वसाधारण १९३४ नंतरची सालं सुटी, म्हणजे डब्याविना, घ्यायला हरकत नाही, अर्थात डोळा तयार झाल्यावर. बाकी सगळं दर्जा ठरवून सीलबंद केलेल्या डब्यातच, म्हणजे स्लॅबमध्ये घ्या. या धंद्यात दोन नावांना बाजार मानतो: १९८६ साली काम सुरू केलेलं पीसीजीएस आणि १९८७ चं एनजीसी. डब्यावर हिरवं सीएसी स्टिकर असेल तर २००७ पासून हे काम करणाऱ्या त्या संस्थेने ते नाणं त्या दर्जात पक्कं मानलंय, सोनेरी असेल तर दर्जा कमी लावलाय असं त्यांचं मत. ‘डिटेल्स’ असं लेबल असेल तर नाणं खरं आहे पण साफ केलेलं किंवा बिघडलेलं.

स्लॅबही बनावट येतात. लेबलवरचा क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा; छायाचित्र असेल तर ओरखडा न् ओरखडा जुळवा. क्रमांक खरा आणि नाणं वेगळं, हा जुना खेळ आहे.

सुटा १९१६-डी कोणी स्वस्तात देत असेल तर सरळ चालू पडा. फिलाडेल्फियाच्या डाइमवर डी चिकटवून किंवा कोरून तो तयार केला जातो. खरे १९१६-डी मागच्या बाजूच्या चार डायवरून पाडले गेले, त्यामुळे खुणेची जागा त्या चारपैकी एका डायशी तंतोतंत जुळायला हवी. १९४२/१ मध्येही २ शेजारी १ कोरून तोच उद्योग चालतो. वजन अडीच ग्रॅमच्या आसपास आणि चुंबकाला न चिकटणं ही पहिली चाळणी, पण चांदीचाच बनावट डाइम तिच्यातून आरामात निसटतो.

इंटरनेटवर ‘न उघडलेला जुना रोल’ नावाचा एक प्रकार भेटेल: कागदी गुंडाळी, टोकाला एक दुर्मीळ सालाचा डाइम दिसतोय, आत काय आहे देव जाणे. विकणाऱ्याला ते नक्की माहीत असतं. ज्याला टोकाचं नाणं ओळखता येतं तो आतली ४८ न बघता विकायला काढील का?

अमेरिकेत राहत असाल तर गावातल्या नाण्यांच्या दुकानाशी ओळख ठेवा. मागणी सांगून ठेवली की फोन येतो. जानेवारीत फ्लोरिडात भरणारं फन (फ्लोरिडा युनायटेड न्यूमिझमॅटिस्ट्स) या संस्थेचं प्रदर्शन आणि अमेरिकन न्यूमिझमॅटिक असोसिएशनचं उन्हाळी प्रदर्शन इथे एकाच छताखाली शेकडो टेबलं असतात. हेरिटेज, स्टॅक्स बॉवर्स, ग्रेटकलेक्शन्स या लिलावगृहांच्या जुन्या विक्रीच्या नोंदी उघड्या आहेत. बोली लावण्याआधी त्याच साल-दर्जाचे मागचे पाच-सहा भाव बघा. बोलीवर खरेदीदाराचा अधिभार लागतो, मोठ्या घरांत २० टक्क्यांच्या आसपास. तो धरूनच आपली कमाल बोली ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा.

पीसीजीएस आणि एनजीसी या दोन्ही कंपन्या कोणत्या दर्जाची किती नाणी तपासली याची आकडेवारी देतात. ती उपयोगी आहे, पण एकच नाणं डबा फोडून जास्त दर्जाच्या आशेने पुन्हा पुन्हा पाठवलं जातं आणि प्रत्येक वेळी नव्याने मोजलं जातं. वरच्या दर्जांत हे आकडे फुगलेले असतात. ‘यापेक्षा चांगलं एकही नाही’ अशा नाण्याला कोणाचा संच सर्वांत वरच्या दर्जाचा या ऑनलाइन स्पर्धेमुळे भयंकर भाव येतो. पुढच्या महिन्यात आणखी दोन त्याच दर्जाची निघाली की तो कोसळतो. या शर्यतीत पडू नये.

रंग, सफाई, साठवण

चांदीचं नाणं दिसलं की आपल्या घरात एक हात आपोआप रांगोळीकडे किंवा टूथपावडरकडे जातो. लक्ष्मीपूजनाचं नाणं लखलखीत हवं, ते ठीक. संग्रहातल्या डाइमला हे करायचं नाही. एका घासणीत झळाळी देणाऱ्या रेषा कापल्या जातात, केसासारखे ओरखडे पडतात, आणि एमएस-६५ चं नाणं कायमचं ‘डिटेल्स’ होतं. बाजारात मिळणारं चांदी उजळायचं रासायनिक द्रावण काळपटपणा काढतं खरं, पण वरचा पातळ थरही घेऊन जातं. दोन-तीन वेळा बुडवलेलं नाणं पांढरं पण मेलेलं दिसतं. लिलावात दिसणारी कितीतरी ‘झकास पांढरी’ नाणी या प्रकारातली असतात.

चांदी हवेतल्या गंधकाशी मिळून रंग बदलते: आधी फिकट सोनेरी, मग लालसर-निळा, शेवटी काळा. जुन्या पुठ्ठ्यात राहिलेल्या नाण्यांवर कधीकधी अप्रतिम इंद्रधनुषी रंग चढतो. १९४७ ते १९५८ मध्ये (१९५० वगळून) अमेरिकन टांकसाळीने विकलेल्या संचांत नाणी पुठ्ठ्याच्या चौकटीत असत, म्हणून त्या वर्षांच्या रूझवेल्ट डाइममध्ये असे रंग जास्त दिसतात. रंगाखाली झळाळी फिरताना दिसली तर नैसर्गिक असण्याची शक्यता जास्त. रंग खोलगट भागात साचल्यासारखा, भडक, ओरखड्यांवरूनही तसाच सलग गेलेला असेल तर सावध व्हा.

मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पिशव्या हा नाण्यांचा शत्रू. काही वर्षांत हिरवट चिकट थर येतो आणि धातू खायला लागतो. एवढ्यापुरतंच शुद्ध अ‍ॅसिटोन वापरा, नखांचं रंग काढायचं द्रव नव्हे. काचेच्या वाटीत बुडवून ठेवायचं, घासायचं नाही, बाहेर काढून आपोआप वाळू द्यायचं. खिडकी उघडी, जवळपास ज्योत नको. ठेवण्यासाठी मायलर प्लास्टिकच्या चौकटी किंवा घट्ट बसणाऱ्या कडक कॅप्सूल. मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात स्लॅबसुद्धा हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि जेल ओलावला की बदला. लाकडी कपाट आणि रबर बँड दोन्ही टाळा. रबरातलं गंधक चांदी काळी करतं.

भारतात आणायचं असेल तर

बऱ्याच कुरिअर कंपन्या नाणी स्वीकारतच नाहीत किंवा विमा देत नाहीत. अमेरिकेतल्या अमेरिकेत मौल्यवान नाणी पाठवायला पोस्टाची रजिस्टर्ड सेवा हाच जुना विश्वासाचा मार्ग. भारतात मागवण्याआधी विक्रेत्याला पाठवायची पद्धत आणि घोषित किंमत विचारा, आणि कस्टमचे त्या वेळचे नियम बघा.

एक कायदा मात्र आधीच माहीत असावा. १९७२ च्या पुरावशेष आणि कलासंपदा कायद्यानुसार किमान शंभर वर्षं अस्तित्वात असलेलं नाणं ‘पुरावशेष’ ठरतं, आणि असं नाणं खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. व्याख्येत नाणं कुठल्या देशाचं असा भेद नाही. १९१६ ते १९२० चे डाइम शंभरी पार करून बसलेत आणि दर वर्षी त्यात नव्या सालाची भर पडतेय. त्यामुळे अमेरिकेत संग्रह करणाऱ्याने तो पुण्याच्या घरी आणून ठेवावा आणि पुढे विकायला परत न्यावा, असा बेत आखण्याआधी वकिलाशी बोला. दुर्मीळ सालं विकायची ती अमेरिकेतच विकली जाणार असतील, तर ती तिथेच ठेवलेली बरी.

प्रत्येक नाण्याची नोंद घेतल्या दिवशीच करा: साल, टांकसाळ, दर्जा, स्लॅबचा क्रमांक, कोणाकडून, किती डॉलर, अधिभार आणि टपालखर्च वेगळा. दोन्ही बाजूंची छायाचित्रं. घराच्या विम्यात नाण्यांना बहुधा फार कमी संरक्षण असतं. संग्रह वाढला की स्वतंत्र विमा लागतो आणि तिथे हीच यादी मागतात. अमेरिकेत वर्षाहून जास्त ठेवलेली नाणी विकून झालेल्या नफ्यावर संघीय कर कमाल २८ टक्क्यांपर्यंत जातो, शेअरपेक्षा जास्त. तेव्हा खरेदीच्या पावत्या टाकून देऊ नका, आणि त्यांची एक प्रत कुठे आहे ते घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी सांगून ठेवा.